जागा करून देणारी माणसं

अवकाश संग्रहालय बघायला निघालं की मन आधीच वर पोचलेलं असतं. चंद्र, यान, रॉकेट, काउंटडाउन. थुंब्याला जायचं ठरवलं असेल, तर या वेळी जरा सावकाश जाऊ या. तिथली सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीवर आहे आणि घाईत ती निसटून जाते.

थुंबा म्हणजे तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला, अरबी समुद्राला लागून असलेलं कोळ्यांचं गाव. विक्रम साराभाई अवकाश केंद्राचं संग्रहालय तिथे आहे, आणि ते आहे सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या जुन्या इमारतीत. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी इथूनच पहिलं रॉकेट आकाशात गेलं आणि भारताच्या अवकाश कार्यक्रमाला सुरुवात झाली.

हे मनन जायच्या आदल्या रात्री सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचा. जाणं जमण्यासारखं नसेल, तर मनाने चला. मध्ये मध्ये थांबायला सांगेन, तेव्हा खरंच थांबा. मुलांना कंटाळा येईल अशी भीती बाळगू नका. शांत बसलेल्या मोठ्या माणसाशेजारी मुलं आपोआप स्थिरावतात.

प्रवासापासून सुरुवात करू. मुंबईहून निघणारी कितीतरी कुटुंबं नेत्रावती एक्स्प्रेस पकडतात. रत्नागिरी जातं, मडगाव जातं, मग मंगळूर, कोळिकोड, एर्नाकुलम. खिडकीशी आजी बसलेली असते, वरच्या बर्थवर मुलांचं पत्त्यांचं भांडण चाललेलं असतं. बाहेर नारळ दाट होत जातात. याच किनाऱ्याने जूनमध्ये पाऊस उलट दिशेने वर येतो. केरळात त्याची नेहमीची तारीख १ जून, मुंबईत ११ जूनच्या आसपास. म्हणजे आपला पाऊस ज्या दाराने देशात शिरतो, त्या दाराकडे आपण निघालो आहोत. एवढं मनाशी ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

आता पोचलो. प्रवेशद्वारावर ओळखपत्रं दाखवून आत आलो. समोर झाडांमधून चर्चची दर्शनी भिंत दिसते, आणि त्याच आवारात रॉकेटं उभी आहेत. मुलं धावत सुटतील. धावू द्या. तुम्ही मात्र चाल कमी करा.

आपला तळहात समोर आडवा धरा. चार बोटांची रुंदी बघा. साधारण तेवढ्याच जाडीचं, ७५ मिलिमीटर व्यासाचं होतं आपण स्वतः बनवून सोडलेलं पहिलं रॉकेट. रोहिणी आरएच-७५ हे त्याचं नाव. २० नोव्हेंबर १९६७ रोजी ते इथून उडालं. चांद्रयान-३ ला घेऊन गेलेलं एलव्हीएम-३ हे रॉकेट साडेत्रेचाळीस मीटर उंच आणि सुमारे ६४० टन वजनाचं आहे. या दोन रॉकेटांमध्ये साडेपाच दशकं गेली. घरातल्या सगळ्यांनी एकेकदा तळहात धरून बघावा. आजीनेही.

मग आणखी एका आकड्यापाशी थांबा. एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाचं वजन होतं १७ टन, उंची २२ मीटर. एवढं सगळं पेटवून कक्षेत किती नेता यायचं? चाळीस किलो. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोट्याहून त्याने रोहिणी हा पस्तीस किलोंचा उपग्रह कक्षेत सोडला. त्याचे चार टप्पे होते. एकेक टप्पा आपलं इंधन जाळून संपवायचा, पुढच्याला वेग देऊन सुटा व्हायचा. सतरा टनांतलं जवळपास सगळं वाटेतच संपलं, तेव्हा ते पस्तीस किलो वर राहिले.

इथे थांबा. डोळे मिटले तरी चालतील. तुम्ही आज जिथे आहात तिथे पोचावं म्हणून वाटेत कोण कोण खर्ची पडलं? पटकन उत्तर देऊ नका. पहिलं नाव सगळ्यांनाच आठवतं. दुसऱ्या-तिसऱ्या नावापर्यंत जा.

आता आत जाऊ.

ही वास्तू मुळात प्रार्थनेची आहे. वेदी जपून ठेवलेली आहे. रॉकेटांच्या प्रतिकृती, यंत्रांचे भाग, जुने फोटो, तक्ते हे सगळं तिच्या सोबतीने मांडलेलं आहे. तक्ते नंतर वाचू. आधी वेदीसमोर उभे राहू.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. विक्रम साराभाई आणि त्यांचे सहकारी केरळच्या किनाऱ्यावर जागा शोधत होते. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस त्या शोधात होते. जी जागा पसंत पडली, ती मोकळी नव्हती. तिथे हे चर्च होतं, बिशपांचं घर होतं, आजूबाजूला कोळ्यांची वस्ती होती. साराभाई तिरुवनंतपुरमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. पुढची हकीगत अब्दुल कलामांनी सांगितलेली आहे. बिशपांनी लगेच होय म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. रविवारच्या प्रार्थनेला या, म्हणाले. त्या रविवारी त्यांनी जमलेल्या लोकांसमोर सगळा विषय मांडला आणि विचारलं, ही देवाची जागा आणि तुमची घरं आपण या कामासाठी द्यायची का? लोकांनी होकार दिला. माणसं शेजारी पल्लीतुऱ्याला राहायला गेली, तिथे नवं चर्च उभं राहिलं. इथे प्रार्थनेच्या जागेत प्रयोगशाळा आली, बिशपांच्या घरात कार्यालय.

ही गोष्ट बहुतेक वेळा धर्म आणि विज्ञान यांच्या मैत्रीची म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेच. आपण मात्र जरा वेळ बिशपांच्या आणि शास्त्रज्ञांच्या बाजूने न बघता समोर बसलेल्या माणसांच्या बाजूने बघू.

तुम्ही त्या रविवारी इथे खाली बसला आहात असं समजा. याच वेदीपुढे तुमचं लग्न लागलेलं आहे. लेकरांचे बाप्तिस्मे इथेच झाले. घरातून बाहेर आलं की समुद्र. होडी कुठे ओढायची, कोणत्या महिन्यात लाट कशी फुटते, हे तुमच्या पायांना ठाऊक आहे. आणि समोरून प्रश्न येतो. तुम्ही रॉकेट कधी पाहिलेलं नाही. त्याने तुमचं जाळं भरणार नाही, हेही कळतंय. तरी मान हलवायची आहे. एकमुखाने होकार दिला, तरी घर सोडताना प्रत्येकाला आपलं आपलंच सोडावं लागतं. चूल प्रत्येकीची वेगळी, उंबरठा वेगळा.

कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या महाराष्ट्राला हे फोड करून सांगायची गरज नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत अशी एखादी आजी होऊन गेली, जी शेवटपर्यंत बुडालेल्या गावाच्याच विहिरीबद्दल बोलत राहिली. धरणाची वीज आपण रोज वापरतो. त्या आजीची आठवण रोज निघत नाही.

वेदीसमोर उभं राहून दोन श्वास सावकाश घ्या. काही मागू नका, काही ठरवू नका. ज्यांनी जागा करून दिली ते इथे बसत होते, एवढंच मनात राहू द्या.

मुलं आता विचारतील, पण हीच जागा का? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर सुंदर आहे.

पृथ्वी हे एक मोठं चुंबक आहे. होकायंत्राची सुई वर-खाली मोकळी फिरेल अशी टांगली, तर आपल्याकडे तिचं उत्तरेचं टोक जमिनीकडे झुकतं. उत्तरेला जावं तसं जास्त झुकतं. दक्षिणेला येत गेलं की झुकणं कमी होतं आणि एका रेषेवर सुई अगदी आडवी होते. ही चुंबकीय विषुववृत्ताची रेषा. थुंबा तिच्या अगदी जवळ आहे. या रेषेच्या माथ्यावर, जमिनीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, दिवसा विजेचा एक प्रवाह पूर्व-पश्चिम वाहत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. फुगे तिथवर पोचत नाहीत, तीस-चाळीस किलोमीटरांवरच त्यांचं बळ संपतं. उपग्रह एवढ्या खाली टिकत नाहीत, हवेच्या घर्षणाने गळून पडतात. तिथे जाऊ शकतं ते फक्त साउंडिंग रॉकेट. तेही काही मिनिटांपुरतं. वर जायचं, मोजायचं, समुद्रात पडायचं.

याचा जरा विचार करा. न दिसणाऱ्या रेषेसाठी दिसणारी घरं हलली. आणि ती रेषाही एका जागी थांबत नाही. पृथ्वीच्या पोटातलं द्रवरूप लोखंड हलतं, तशी ती वर्षागणिक सरकत राहते. रेषा पुढे सरकली म्हणून हललेली घरं परत आली नाहीत. ज्ञानाला किंमत पडते आणि ती बहुतेक वेळा ज्ञान मिळवणाऱ्याच्या खिशातून जात नाही. हे मुलांना सांगायला जड वाटेल. तरी सांगा. मुलांना न्याय-अन्याय आपल्यापेक्षा लवकर कळतो.

आता भिंतींवरचे फोटो बघा. इथल्या सुरुवातीच्या दिवसांचा एक फोटो तुम्ही आधी कुठेतरी पाहिलेला असेल. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तो काढला. रॉकेटचं टोकाकडचं निमुळतं नाक सायकलच्या कॅरिअरवर ठेवलंय आणि दोन माणसं ते घेऊन चालली आहेत. तो दाखवून आपण म्हणतो, बघा, सायकलवरून चंद्रापर्यंत! छाती फुगते. फुगू द्या, त्यात काही वावगं नाही.

पण तो फोटो अजून थोडा वेळ बघत राहा. कॅरिअरवरची ती वस्तू धक्का लागला तर बिघडेल अशी आहे. म्हणून सायकलवर कुणी बसलेलं नाही, ती हाताने ढकलत नेली जाते आहे. त्या चालण्यात गरिबी दिसते, हे खरं. त्याहून जास्त दिसते ती काळजी. त्या दिवसांत इथे काम करणारे तरुण इंजिनिअर शहरातून बसने यायचे, दुपारचं खाणं रेल्वे स्टेशनच्या कँटीनमधून आणायचे. काही जण नासाकडून शिकून आले होते. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे त्या पहिल्या तुकडीतले. पुढे ते याच केंद्राचे संचालक झाले. कुणाच्या तरी देवघरात बसून आपण काम करतो आहोत, हे त्यांना रोज दिसत होतं. अशा जागेत काम करणाऱ्याचा हात आपोआप हळू होतो.

तुमच्या हातात आज कुणाची तरी नाजूक वस्तू आहे का? म्हातारपण असेल, एखाद्याचा विश्वास असेल, नोकरीत सोपवलेलं काम असेल. ती वस्तू तुम्ही कशी नेता आहात, हे मनाशी बघा. स्वतःला दोष देऊ नका, नुसतं बघा.

आता बाहेर समुद्राच्या वाऱ्यात या आणि १९६३ सालची ती संध्याकाळ मनात आणा.

नायके-अपाचे हे रॉकेट अमेरिकेचं. त्यातलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं. सोव्हिएत संघाने हेलिकॉप्टर दिलेलं. ज्या देशांनी तेव्हा एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखली होती, त्यांची साधनं या कोळीवाड्यात एकत्र आली होती. पुढे २ फेब्रुवारी १९६८ रोजी इंदिरा गांधींनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना समर्पित केलं, जगातल्या कुठल्याही देशाच्या शास्त्रज्ञांनी यावं म्हणून. घेतलेली जागा एकट्याने धरून ठेवली नाही.

सूर्य मावळला. जमिनीवर अंधार पडू लागला आणि रॉकेट सुटलं. उंचावर जाऊन त्याने सोडियमची वाफ सोडली. खाली सूर्य गेलेला असला तरी एवढ्या उंचीवर ऊन अजून होतं. त्या उन्हात वाफेचा ढग नारिंगी उजळला आणि किनाऱ्यावरच्या माणसांना दिसला. तिथले वारे ढगाला ओढू लागले, तसा तो वाकडातिकडा झाला. वेगवेगळ्या ठिकाणांहून त्याचे फोटो घेतले गेले. ढग जसा विस्कटला, तसा तिथला वारा कळला.

मुलांना याचा अनुभव देता येईल. सूर्यास्तानंतर अंगण काळोखलं की आभाळात उंच जाणारं विमान शोधा. ते अजून चमकत असतं. आपला दिवस संपला तरी वर तो थोडा शिल्लक असतो.

तो नारिंगी ढग बघायला बाहेर आलेल्यांमध्ये पल्लीतुऱ्याला गेलेली कुटुंबंही असणार. आपल्या घराच्या जागेवरून ते वर गेलं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता मघाशी मनाशी ठेवलेला पाऊस बाहेर काढा.

पुढे अनेक वर्षं थुंब्याहून हवामानाची रॉकेटं नेमाने सुटत राहिली आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांची, तापमानाची मोजमापं खाली येत राहिली. याच थुंब्यात वसंत गोवारीकर रॉकेटच्या घन इंधनावर काम करत होते. १९७९ ते १९८५ ते विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते. नंतर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पावसाच्या अंदाजाचं प्रतिमान बांधलं, १६ घटकांचं. ते १९८८ पासून वापरात आलं. आपल्याकडच्या बांधावरचा शेतकरी मे महिन्यात रेडिओला कान लावून गोवारीकरांचा अंदाज ऐकायचा. ज्यांनी थुंब्याची जागा शोधली त्या चिटणीसांनी १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम पोचवणाऱ्या प्रयोगात महत्त्वाची जबाबदारी उचलली. मिळालेलं ऋण अशा वाटांनी फिरत फिरत दुसऱ्यांपर्यंत गेलं.

पण ज्यांच्याकडून घेतलं त्यांना काय मिळालं? या प्रश्नाशी थांबलं नाही, तर हे मनन अर्धवट राहील.

३० नोव्हेंबर २०१७ च्या सुमारास ओखी चक्रीवादळ याच समुद्रातून गेलं. तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरचे कितीतरी कोळी तेव्हा खोल समुद्रात होते. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. पुढे गेलेल्या होड्यांपर्यंत इशारा नेणारं साधन त्यांच्याकडे नव्हतं. अनेक जण परतले नाहीत. ज्या किनाऱ्याने देशाला आकाशाकडे जायला जागा दिली, त्याच किनाऱ्यावर घराघरांतून रडणं ऐकू आलं. त्यानंतर नाविक या आपल्या उपग्रहमालिकेकडून रेंजबाहेरच्या होडीलाही छोटे संदेश मिळतील अशी यंत्रं कोळ्यांच्या हाती द्यायला सुरुवात झाली. ऋण फिटलं असं मी म्हणणार नाही. पण ते कोणत्या दिशेने फेडायचं, हे त्यातून स्पष्ट दिसतं. आकाशातून जे मिळालं ते सगळ्यात आधी त्या होडीपर्यंत गेलं पाहिजे. त्यात उशीर झाला, तर चांगल्या कामालाही बट्टा लागतो.

इथे शेवटचं थांबू. या वेळी सगळे जवळ बसा, एखाद्या झाडाखाली.

प्रत्येकाने एकेका माणसाचं नाव घ्यावं, ज्याने आपल्यासाठी जागा करून दिली. वडिलांनी दहावीच्या वर्षी पुढची खोली अभ्यासाला रिकामी करून दिली असेल. मोठ्या ताईने शिक्षण सोडून धाकट्याची फी भरली असेल. मुंबईत नवीन आलेल्याला चाळीतल्या मामांनी गॅलरीत पथारी टाकू दिली असेल. लहान मूल बसमध्ये सरकून बसलेल्या अनोळखी मावशीचं नाव घेईल. तेही घेऊ द्या.

आजीची पाळी आली की घाई करू नका. तिने जागा करून दिलेल्यांची यादी आपल्याकडे असते. तिला कुणी दिली, हे बहुधा कुणी विचारलेलं नसतं.

नावं घेऊन झाली की आणखी एक प्रश्न. त्यांना विचारलं होतं का? की आपण गृहीत धरलं होतं? बिशपांनी त्या रविवारी विचारलं. घरात आपण पुष्कळदा तेवढंही करत नाही. आईची खोली पाहुण्यांना देताना, भावाच्या वाट्याची जमीन वापरताना, बायकोची बदली नाकारायला लावताना. विचारण्याने देणाऱ्याचं दुःख जात नाही. पण तो देणारा राहतो, त्याच्याकडून हिसकावून घेतलं असं होत नाही.

मुलांना परतताना विचारलं जाईल, तुला शास्त्रज्ञ व्हायचंय का? जरूर विचारा. इथून परतणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत ती इच्छा जागी झाली असेल, तर ती फार मोलाची आहे. तिला जोडून एवढंच सांगा की, तू जे काही होशील, त्यासाठी कुणीतरी आपली जागा सोडलेली असेल. तो माणूस शोध. त्याच्या दारापर्यंत तुझं काम पोचतंय का, ते बघ.

आता गाडी बोलावली असेल, तर हॉटेलचा पत्ता देण्याआधी चालकाला पल्लीतुऱ्याला घ्यायला सांगा. ते अगदी जवळ आहे. तिथे सेंट मेरी मॅग्डलीनचं नवं चर्च आहे, वस्ती आहे, समुद्र आहे. संग्रहालयाच्या भेटीत ते येत नाही, पण थुंब्याची सहल त्याशिवाय पुरी होत नाही. तिथल्या माणसांशी भाषा जुळली नाही तरी नमस्कार कळतो. मुलांना सांगा, ही त्यांची मुलं-नातवंडं, ज्यांनी रॉकेटला जागा दिली. मग पुढच्या वेळी टीव्हीवर यान उडताना टाळ्या वाजवाल, तेव्हा थोड्या टाळ्या या गावासाठीही वाजवा.